येणाऱ्या पिक्चरची चाल

उदगीरच्या एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात सकाळी साडेनऊला लिंबाजी ढवळे यांच्या बशीतला चहा पँटवर सांडला. त्यांनी पहिली शिवी हॉटेलवाल्याला दिली, दुसरी त्याच्या टेपरेकॉर्डरला दिली आणि तिसरी कुणाला द्यावी ते ठरेना म्हणून ती तशीच गिळून ऑफिस गाठलं. ही तिसरी शिवी पुढे आठ महिने त्यांच्या पोटात राहिली. माणसाला ॲसिडिटी उगाच होत नाही.

टेपवर नव्या हिंदी पिक्चरचं गाणं लागलं होतं आणि त्या गाण्याची चाल लिंबाजींची होती. सारखी वाटणारी नव्हे, जवळून जाणारी नव्हे, अख्खी त्यांची. अंतरा सुरू होण्याआधी त्यांनी एक छोटी उसळी घेतली होती, बाई घागर डोक्यावर चढवताना हुंकार देते ना, तशी. ती उसळीसुद्धा जिथल्या तिथं होती. पिक्चरचं नाव इथं सांगत नाही, कारण ते ऐकलं की लिंबाजींना अजून ठसका लागतो.

लिंबाजी बांधकाम खात्याच्या उपविभागात कनिष्ठ लिपिक होते आणि उरलेल्या वेळात प्रबोधन गायन पार्टीचे प्रमुख होते. खरं म्हणजे ते उलटं होतं, पण पगार लिपिकाचा मिळे. दर चौदा एप्रिलला पार्टीचा कार्यक्रम व्हायचा आणि त्याआधी मलप्पाच्या छापखान्यातून सोळा पानी गीतपुस्तिका निघायची. या पुस्तिकांची एक रीत असते. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर ‘चाल :’ असं छापून पुढे एखाद्या सिनेमागीताची ओळ द्यायची. म्हणजे हदगावचा असो की कंधारचा, पुस्तिका विकत घेणारा माणूस गाणं लगेच म्हणायला मोकळा. यात चोरी नसते, लपवाछपवी तर नसतेच. ज्याची चाल त्याचं नाव वर, आणि आपले शब्द खाली. मुंबईच्या संगीतकारांनी एवढी रीत जरी पाळली असती, तरी ही गोष्ट सांगावी लागली नसती.

आता चूक कुठं झाली ते ऐका. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे लातूर जिल्हा नवा होता आणि पाऊस मात्र जुनाच रुसलेला होता तेव्हा, बायकोला, पंचफुलाबाईंना, ताप होता म्हणून टँकरच्या रांगेत लिंबाजी स्वतः उभे राहिले. तिथं त्यांना शब्द सुचले:

घागर माझी रिकामी, रांग लागली लांब गं,
भीमरायानं हक्क दिला, पाण्या आता थांब गं!

नेहमी शब्द आधी यायचे आणि मग त्यांना बसेल असा सिनेमा शोधावा लागायचा. त्या दिवशी शब्द चालीसकटच आले. लिंबाजी भानावर आले तेव्हा टँकर निघून गेला होता. ‘टँकर संपला’ असं त्यांनी घरी सांगितलं. पंचफुलाबाई तापातच उठल्या, शेजारच्या सिद्धम्माकडून तांब्याभर पाणी मागून आणलं आणि विषय तिथंच मिटला.

तालमीला बसले तेव्हा बेंजोवाला पिराजी म्हणाला, “झकास हाय मास्तर. कुठल्या पिच्चरची चाल हाय?”

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ‘माझी आहे’ एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण चाली मुंबईत होतात, उदगिरात ज्वारी होते, हे सगळ्यांना ठाऊक. आपण माझी म्हणावं आणि हे फिदीफिदी हसले तर? लिंबाजींनी खाकरून सांगितलं, “येणाऱ्या पिक्चरची आहे. अजून इकडं लागला नाही.”

काय मान वाढला म्हणता! येणाऱ्या पिक्चरची चाल आधीच मिळवणारा माणूस म्हणजे साधा नव्हे. पुस्तिकेतही तसंच छापलं गेलं. ‘चाल : येणाऱ्या नव्या हिंदी चित्रपटातील.’ गाणं इतकं चाललं की रोजगार हमीच्या खडीवर बाया ते म्हणायला लागल्या. आणि आता खरोखरच पिक्चर आला होता.

ऑफिसात त्या दिवशी जो तो पाठ थोपटून जाई. “ढवळे, तुमचा शब्द म्हणजे शब्द! म्हणाला होतात येणार म्हणून, आलाच की पिक्चर!” एकाने तर पुढच्या वर्षीच्या पिक्चरबद्दल विचारलं. साहेबांनी चाळीस किलोमीटर रस्त्याचं अंदाजपत्रक मागितलं, तेव्हा लिंबाजींनी रागाच्या भरात चारशे किलोमीटरचं करून दिलं. त्यावर सही झाली, पण ती वेगळी गोष्ट आहे.

रविवारी त्यांनी पंचफुलाबाईंना घेऊन तो पिक्चर पाहिला. तिथं संताप नुसता वाढला नाही, उकळला. नायिका धबधब्याखाली उभी राहून अर्धा तास अंघोळ करत होती आणि नायक भोवती नाचत होता, लिंबाजींच्या चालीवर! ज्या चालीवर बायांनी रिकाम्या घागरी वाजवल्या, त्या चालीवर पाणी नुसतं वाहून चाललेलं. थिएटरात टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या नाचाला नव्हत्या, त्या पाण्याला होत्या. दुष्काळी माणसाला पडद्यावरचंही पाणी पुरतं. मागून कुणी तरी ओरडलं, “नळ बंद कर गं, माय!”

“चाल तुमचीच हाय न्हवं?” पंचफुलाबाईंनी अंधारात विचारलं. त्यांना एकट्यांना ते माहीत होतं. तापात पडल्या पडल्या त्यांनी नवऱ्याचं गुणगुणणं चार दिवस ऐकलं होतं.

“माझीच.”

“मंग बसून काय राहिले? उठा.”

लिंबाजी उठले, पण मागच्या माणसाने ‘बसा खाली’ म्हटल्यावर बसले.

शेजारी वीरण्णा आडत दुकानात मुनीम होते आणि सल्ला द्यायला त्यांना कुणी विचारावं लागत नसे. ते बाज घेऊन लिंबाजींच्या अंगणात आले. “अय्यो, बिडु हो, सोडून द्या! मी जन्मलो बीदर जिल्ह्यात, पोरगं झालं उस्मानाबाद जिल्ह्यात, नातू झाला लातूर जिल्ह्यात, आन् बाज तीच हाय. सरकार आख्खा तालुका उचलून नेतंय, तुमी एका चालीचं काय घेऊन बसलाव?”

सिद्धम्मा नवऱ्यावर उखडल्या. “गप बसा. तुमची बाज कुणी नेली असती तर बोंबलत फिरला असताव. लिंबाजीराव, केस करा!”

“केस करायच्या आधी माग काढा,” वीरण्णांनी लगेच बाजू बदलली. “चोर कोन हाय, ते तर कळू द्या.”

माग काढायला लिंबाजी नांदेडला गेले. पिराजी आता तिथं एका बँडपथकात होता. मास्तरांना बघून तो धावत आला, पायाशी वाकला आणि आनंदाने म्हणाला, “मास्तर, आला बगा आपला पिच्चर!”

“आपला कसला? माझी चाल तिकडं गेली कशी ते सांग.”

पिराजी निरागस माणूस. निरागस माणसाइतकं नुकसान चोरही करत नाही. त्याने सांगितलं की ती चाल तो वरातीत वाजवायचा. एका लग्नात मुंबईचा पाहुणा आला होता, बगलेत टेप घेऊन. त्याने चाल तीनदा वाजवून घेतली आणि विचारलं, कुणाची चाल?

“मग तू काय सांगितलंस?”

“खरं तेच सांगितलं जी. म्हणलं, कुणाचीच न्हाई साहेब, येणाऱ्या पिच्चरची हाय.”

लिंबाजी रस्त्याकडेच्या दगडावर बसले. त्या पाहुण्याचाही एक पिक्चर येणारच होता. त्यात आता त्याची तरी काय चूक, असा विचार मनात आला आणि त्या विचाराचाच त्यांना भयंकर राग आला. चूक नाही कशी? रस्त्यात लेकरू दिसलं तर माणूस ‘कुणाचं’ म्हणून चार घरं विचारतो. कुणाचं नाही असं एकाने सांगितलं की लगेच उचलून नेतो का? आणि नेऊन धबधब्याखाली उभं करतो?

लातूरच्या वकीलसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, “पुस्तिका पाहिजे. पण तुमच्या घरातली नको, कालच छापली म्हणतील. सरकारी तारखेचा शिक्का असलेली आणा. छापखानावाला एक प्रत सरकारजमा करतो ना?”

मलप्पा करत होता. तो तसा कायद्याला भिणारा माणूस होता. पण जिल्हा नवा झालेला आणि प्रत कुठं धाडायची ते त्याला कुणी कळवलेलं नव्हतं, म्हणून त्याने ती जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी धाडली होती. लिंबाजी किरकोळ रजा टाकून तिकडं गेले. तिथल्या बाबूने सांगितलं, तुमच्या तालुक्याचे गठ्ठे ट्रकने नव्या जिल्ह्याला गेले. नव्या जिल्ह्यातल्या बाबूने सांगितलं, गठ्ठे आले नाहीत. लिंबाजींनी ट्रकचा नंबर आणून दाखवला. तेव्हा तो म्हणाला, गठ्ठे आले आहेत, पण उघडलेले नाहीत. आणि का उघडलेले नाहीत? तर ज्या खोलीत आहेत तिथं टंचाई विभाग बसला आहे आणि टंचाई विभागाला हलवायचं तर आधी टंचाई हटली पाहिजे.

“म्हणजे पाऊस पडल्याशिवाय माझी पुस्तिका मिळणार नाही?” लिंबाजींचा आवाज चढला.

“तसं लेखी देता येणार नाही,” बाबू म्हणाला.

इथं एक सांगितलं पाहिजे. लिंबाजी स्वतः सरकारी बाबू होते आणि ‘तसं लेखी देता येणार नाही’ हे वाक्य त्यांनीही पंधरा वर्षं लोकांना ऐकवलं होतं. समोरून ऐकायला ते इतकं वाईट लागतं याची त्यांना कल्पना नव्हती. पाचव्या खेपेला मात्र त्यांनी कोट काढला, टंचाई विभागाची टेबलं स्वतः सरकवली आणि गठ्ठे सोडायला बसले. टँकरच्या फेऱ्यांच्या नोंदवह्यांखाली ती पुस्तिका सापडली. गोल, निळा, सुंदर शिक्का! तारीख दोन वर्षांपूर्वीची. त्यांनी तिथल्या तिथं ती कपाळाला लावली.

वकीलसाहेबांनी शिक्का पाहून मान डोलावली. मग पान उलटलं आणि तिथंच नेमका त्यांचा चष्मा थांबला. लिंबाजींनी घरून निघताना ठरवलं होतं की तेवढ्या ओळीवर अंगठा ठेवायचा, पण पुस्तिका वकिलांच्या हातात होती.

“ढवळे, हे काय? चाल : येणाऱ्या नव्या हिंदी चित्रपटातील?”

“ते खोटं आहे साहेब. मीच लिहिलंय.”

“मग चाल तुमची आहे हे खरं कशावरून?” वकीलसाहेब खुर्चीत मागे रेलले. “त्यांचा पिक्चर यायच्या दोन वर्षं आधी त्यांची चाल तुमच्याकडे होती, असं हे सरकारी शिक्क्यानिशी सांगतंय. उद्या त्यांनी विचारलं, आमच्या स्टुडिओतून ही बाहेर कशी गेली, तिथं तुमचं कोण आहे, तर? तुम्ही फिर्यादी म्हणून आलात. मी तुम्हाला आरोपी म्हणून घेऊ शकतो.”

पाच खेपा घालून लिंबाजींनी स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या खांद्यावर वाहून आणला होता.

“चाल तुम्ही बांधत असताना ज्याने कानांनी ऐकलं, असा एक साक्षीदार आणा,” वकील म्हणाले. “बायको सोडून. बायकोला कोण विचारतो.”

हे वाक्य लिंबाजींनी घरी सांगायला नको होतं, पण रागात माणूस काहीही सांगतो.

तरी त्यांनी वस्तीत घरोघर विचारलं. माणसं आदराने बसवायची, चहा द्यायची आणि साक्ष उलटी द्यायची. “आमचे लिंबाजीराव कधी खोटं बोलणार न्हाईत. ते पिच्चरची म्हणले म्हंजे पिच्चरचीच.” आयुष्यभर सांभाळलेली अब्रू अशी ऐन वेळी अंगावर आली. ‘अहो, मी खोटं बोललो होतो!’ असं ते ओरडायला लागले की लोक हसायचे आणि म्हणायचे, राव, लई गंमत करून राहिलात.

शेवटी पंचफुलाबाईंचाच बांध फुटला. त्या भाकरी थापत होत्या. हात तसाच पिठाचा ठेवून त्या वळल्या.

“चोरली चोरली कामून म्हणून राहिले? त्यानं न्हाई चोरली. तुमी त्याच्या दारात नेऊन ठेवली. सोताच्या लेकराला दुसऱ्या बापाचं नाव लावलं, आन् आता शाळंत दाखला मागून राहिले! कामून लावलं? लाज वाटली?”

लिंबाजी चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारायला लागले.

“दरसाली ष्टेजवर चढून लोकायला सांगता, मान वर करा, मान वर करा. आन् पिराजीनं एक सवाल केला तर तुमची मान खाली! पिराजीपुढं! बेंजोची तार धड लावता येत न्हाई त्याला!”

त्या भाकरीकडे वळल्या. लिंबाजींच्या पोटातली तिसरी शिवी आता वर यायला लागली होती आणि ती कुणाची आहे हे त्यांना हळूहळू कळायला लागलं होतं. मुंबईवाल्याचा राग होताच, तो कुठं जात नव्हता. पण त्याच्या खाली दुसरा, जास्त जुना राग होता. आपल्या घरात काही चांगलं निपजलं तर ते आपलं नसणारच, असं आपल्याला वाटतं कसं? आणि वाटलं तर ते आपण छापून कसं देतो?

चौदा एप्रिलला संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. निळे झेंडे, मांडव, पुढे बाया, मागे पुरुष, कडेला वीरण्णा आपली बाज टाकून. पिराजी नांदेडहून मुद्दाम आला होता. तिसऱ्याच गाण्याला फर्माइशीची चिठ्ठी आली. ‘ते तुमचं पिच्चरवालं म्हणा.’

लिंबाजींनी पेटी बंद केली.

“ते पिच्चरवालं नाही,” ते म्हणाले. माइक करकरला. “ते माझं आहे. मी बांधलंय. मी तुमच्याशी खोटं बोललो, पुस्तिकेत खोटं छापलं. का? कारण मला वाटलं तुम्ही हसाल. तो मुंबईवाला चोर आहेच, त्याला मी सोडणार नाही. पण पहिला हरामखोर मी आहे!”

तिसरी शिवी अशी आठ महिन्यांनी, माइकवरून, ज्याची त्याला पोचली.

आणि लोक हसले. दोन वर्षांपूर्वी ज्या हसण्याला ते भ्याले होते, तेच हसणं आलं. कुणी तरी शिट्टी मारली. “मास्तर, पिच्चर सिल्व्हर ज्युबिली झालाय, आता काय बी बोला!”

लिंबाजींचे कान तापले. उतरून घरी जावं म्हणून ते उठणार, तेवढ्यात बायांच्यातून धुरपताकाकू उभ्या राहिल्या. साठीची म्हातारी, खडी फोडून हात दगडासारखे झालेले. त्या सभेत कधी बोलत नसत.

“दात काढू नका,” त्या म्हणाल्या. “गाणं लिंबाजीचंच हाय. म्या ऐकलंय, व्हताना.”

मागच्या पुरुषांनी माना वळवल्या.

“टँकरच्या रांगंत ह्यो पुढं, म्या मागं. ह्यो आपला गुणगुणून राहिला. एक डाव म्हणला, मोडलं, परत म्हणला, परत मोडलं. त्याचा नंबर आला. टँकरवाला हाका मारून राहिला, पर ह्याला पत्ताच न्हाई. मंग…” काकूंनी पदराने तोंड पुसलं. “मंग म्या ह्याच्या नंबरात माझ्या दोन घागरी लावल्या. दोन! टँकर तिथंच सरला. दोन सालं बोलले न्हाई, कामून की पाणी चोरलं व्हतं. लोकायला काय सांगू? पर ह्या लेकरानं आज समद्यासमोर सोताला शिवी दिली, तर म्या बी सांगते. गाणं ह्याचं, पाणी बी ह्याचं व्हतं. आन् पिच्चरवाला तवा रांगंत न्हवता. असता तर त्याची घागर म्या पाह्यली असती.”

कुणी हसलं नाही. ज्या गावात दोन घागरींवरून डोकी फुटत होती, तिथं असली कबुली कुणी उगाच देत नाही, हे प्रत्येकाला कळत होतं. लिंबाजींनी पेटी उघडली आणि सूर धरला. ‘घागर माझी रिकामी’ झालं, ‘रांग लागली लांब गं’ झालं आणि त्या उसळीला सगळ्या बायांनी एकदम हुंकार दिला. मागून एक जण सवयीने ओरडला, “वा रे पिच्चर!” तर पिराजीनेच बेंजो थांबवून त्याला दम भरला, “पिच्चर न्हाई बे! लिंबाजी ढवळे!”

मुंबईत काहीही झालं नाही. वकीलसाहेबांनी धुरपताकाकूंचा जबाब लिहून घेतला आणि नोटीस धाडली. ती ‘पत्ता बदलला’ असा शेरा घेऊन परत आली. स्टँडसमोरच्या हॉटेलात तो धबधबा अजून वाहतो आणि लिंबाजी अजून तिथं चहा पीत नाहीत. राग गेलेला नाही आणि तो जावा असं कुणी त्यांना सांगूही नये. मात्र पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली. मलप्पाने खिळे जुळवता जुळवता दोनदा विचारून खात्री केली आणि मग गाण्याच्या डोक्यावर छापलं, ‘चाल : लिंबाजी ढवळे, उदगीर.’

ती प्रत घेऊन ते घरी आले. पंचफुलाबाईंनी ओळीखाली बोट सरकवत ती एकदा वाचली, पुन्हा वाचली आणि पुस्तिका कपाटात साडीच्या घडीत ठेवली. मग दारातून दोन रिकाम्या घागरी उचलून त्यांच्यापुढे आदळल्या.

“म्हंजे त्या दिवशी तुमचा नंबर आला तवा टँकर संपला न्हवता,” त्या म्हणाल्या. “आन् म्या तापात उठून सिद्धम्माच्या दारात गेले.”

लिंबाजींनी सवयीने तोंड उघडलं, मग विचार केला आणि मिटलं.

“न्हवता,” ते म्हणाले.

“जा मंग. आज टँकर हाय. गाणं सुचलं तर सुचू द्या, पर नंबर सोडू नका.”